सोडताही यायला हवं

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत डीएनएचे बदललेले धागे घडवण्यात माझी बरीच वर्षं गेली. धाग्यानं जोडीदाराला किती घट्ट धरायचं, हे रसायनातून ठरवायचं, एवढंच आमचं काम. त्यातून मला जे उमगलं ते हे.

१. घट्ट धरणं म्हणजे नीट ओळखणं नव्हे. एलएनए या बदललेल्या धाग्यात साखरेच्या कड्यावर एक छोटा पूल बांधून तिला एकाच ठेवणीत जखडतात. असं एक अक्षर घातलं की धागे सुटण्याचं तापमान साधारण २ ते ८ अंशांनी चढतं. मी १५ अक्षरांच्या धाग्यात अशी नऊ घातली आणि हरखून गेले. मग एक अक्षर चुकीचं असलेला जोडीदार दिला, तर ३७ अंशांवर धागा त्यालाही सोडीना. एलएनए कमी केले, धागा आखूड केला, तेव्हा कुठे त्याला आपला आणि परका कळू लागला.

२. चूक आपण शोधतो तिथे नसते. एकदा धागे तापवताना त्यांच्या सुटण्याचा आलेख वर चढेचना. आठवडाभर मी धाग्यालाच दोष दिला. राहिलं होतं ते बफरमधलं मीठ. डीएनएच्या कण्यावर ऋणभार असतो, दोन धागे एकमेकांना ढकलतात; सोडियम त्यांची समजूत घालतं. कोपनहेगनमध्ये पीटर नीलसन आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली पीएनए हा कृत्रिम धागा घडवला, त्यात हा भारच नाही. पुढे इथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांनी त्याच्या लवचीक कण्यात कार्बनची कडी बसवून त्याचा कल डीएनएऐवजी आरएनएकडे वळवला. किती धरायचं याच्याइतकंच कुणाला धरायचं हेही कण्यातून ठरतं, हे मला तिथे कळलं.

३. प्रत्येक बदल काहीतरी मागतो. फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक आलं की विकरं धागा सहजी तोडू शकत नाहीत, पण पकड थोडी ढिली होते. अमेरिकेत २०१६ साली मंजूर झालेल्या नुसिनर्सेनमध्ये ती साखरेवरच्या वेगळ्या बदलानं भरून काढली आहे. अवघ्या १८ अक्षरांचं हे औषध पाठीच्या कण्याच्या स्नायुक्षयानं ग्रासलेल्या बाळांना देतात. ते वाचल्यापासून अर्ध्या अंशाचा फरकही मला किरकोळ वाटत नाही.

४. घाई केली की धागा स्वतःवरच दुमडतो. ९५ अंशांवरून थेट बर्फात ठेवला, तर जोडीदार सापडायच्या आत तो स्वतःचीच गाठ मारून बसतो. म्हणून आम्ही रात्रभर सावकाश निववतो. सकाळी क्युव्हेटमधल्या द्रावणावर तेलाचा पातळ थर देते, मिनिटाला अर्धा अंश तापवते आणि २६० नॅनोमीटरवरच्या प्रकाशशोषणाची रेघ हळूहळू वर वळताना बघते.

५. पेशीत तापवायला कुणी नसतं. चुकीच्या जागी बसलेला धागा तिथे आपणहूनच सुटायला हवा. आता नवा धागा आखताना मी आधी चुकीच्या जोडीदाराचा आलेख काढते, बरोबर असलेल्याचा मग.