लिन्झेस: छापील किंमत आणि खिशातून जाणारे पैसे

बद्धकोष्ठाबद्दल आपण घरातसुद्धा मोकळेपणाने बोलत नाही. मग त्याच्या औषधाला किती पडतात, हे कोण कुणाला विचारणार? अमेरिकेतल्या मराठी माणसाला उत्तर मिळतं ते थेट फार्मसीच्या काउंटरवर. डॉक्टरांनी लिन्झेस लिहून दिलेलं असतं, तीस कॅप्सूलच्या बाटलीचा आकडा ऐकून तो 'नको, राहू दे' म्हणतो आणि घरी येऊन पुन्हा इसबगोल भिजवतो. तो आकडा ऐकून लगेच माघारी फिरू नये, एवढंच सांगण्यासाठी हा लेख.

आधी औषधाची ओळख. लिन्झेस म्हणजे लिनॅक्लोटाइड, चौदा अमिनो आम्लांचं एक छोटं पेप्टाइड. अमेरिकेच्या एफडीएने २०१२च्या ऑगस्टमध्ये त्याला मंजुरी दिली. संशोधन आयर्नवुड कंपनीचं, आज विक्री अ‍ॅबव्ही करते. आतड्याच्या अस्तरावरच्या एका ग्राहीला ते चिकटतं, त्यामुळे आतड्यात क्षार आणि पाणी सुटतं आणि मळ मऊ होऊन पुढे सरकतो. प्रवासात जुलाब लावणाऱ्या ई. कोलाय जंतूचं एक विषही नेमकं याच ग्राहीला चिकटतं. रोगाची युक्ती औषधाने उचलली म्हणा ना. रक्तात ते जवळजवळ उतरतच नाही.

आता पैसे. २०२४ मधली महिन्याची छापील किंमत होती ५३९ डॉलर, म्हणजे एका कॅप्सूलला सुमारे १८ डॉलर. छापील किमती वरखाली होत असतात, तेव्हा आजचा भाव फार्मसीत विचारून घ्या. पण तुमच्या खिशातून किती जाणार हे त्या आकड्यापेक्षा तुमचा विमा कोणता, यावर ठरतं.

नोकरीतून मिळालेला विमा असेल तर कंपनीचं सवलत कार्ड काढा. ते औषधाच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतं आणि पात्र ठरलात तर को-पे बराच खाली येतो. यात एक खाच आहे. काही विमा योजना कार्डाने भरलेली रक्कम तुमच्या डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. मग कार्डावरची वर्षाची मर्यादा संपली की मधल्याच एखाद्या महिन्यात अचानक मोठं बिल येतं. 'तुमच्याकडे को-पे अ‍ॅक्युम्युलेटर आहे का?' हा प्रश्न विमा कंपनीला फोनवर सरळ विचारा. जानेवारीत डिडक्टिबल नव्याने सुरू होतं, त्यामुळे वर्षातलं सर्वांत महाग बिल बहुधा तेव्हाच येतं. एचएसए किंवा एफएसए खातं असेल तर पैसे त्यातून भरा, करापुरती तरी बचत होते.

मेडिकेअरवाल्यांना हे कार्ड चालत नाही. सरकारी विम्यासोबत अशी सवलत देण्याला कायद्याची मनाई आहे. ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं राहून, हप्ता भरून मेडिकेअर घेतलेले आपले आईवडीलही यात आले. त्यांच्यासाठी वेगळी वाट आहे. मेडिकेअरच्या औषधविम्यात, म्हणजे पार्ट डी मध्ये, योजनेत समाविष्ट असलेल्या औषधांवरचा स्वतःचा खर्च २०२६ साली २,१०० डॉलरला थांबतो, आणि तो वर्षभराच्या मासिक हप्त्यांत विभागून मागता येतो. त्याहून मोठी बातमी म्हणजे सरकारने ज्या औषधांच्या किमतींवर घासाघीस केली, त्यांत लिन्झेस आहे. १ जानेवारी २०२७ पासून मेडिकेअरसाठी महिन्याची ठरलेली किंमत १३६ डॉलर.

विमाच नसेल किंवा असून पुरत नसेल, तर 'मायअ‍ॅबव्ही असिस्ट' या कंपनीच्या मदत योजनेत अर्ज करावा. उत्पन्नाच्या अटीत बसलात तर औषध फुकट मिळतं. अर्जावर डॉक्टरांचीही सही लागते, त्यामुळे दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांच्या मागे थोडं लागावं लागतं. बाजारातल्या कूपनांनी मात्र इथे फारसा फरक पडत नाही, कारण जेनेरिक अजून आलेलं नाही.

फार्मसीत 'प्रायर ऑथरायझेशन हवं' असं ऐकू आलं तर तो नकार समजू नका. आधी स्वस्त औषध वापरून पाहिलं होतं का, एवढंच विमा कंपनीला कागदावर हवं असतं. म्हणून काय घेतलं, किती दिवस घेतलं आणि काय झालं, याची नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांच्या फाइलमध्ये जाईल असं पाहा.

ही अट मला अगदीच चुकीची वाटत नाही. पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर, म्हणजे मिरालॅक्स किंवा त्याचं दुकानाच्या नावाने विकलं जाणारं रूप, चिठ्ठीशिवाय मिळते आणि तिचा महिन्याचा खर्च लिन्झेसच्या छापील किमतीपुढे किरकोळ आहे. निव्वळ बद्धकोष्ठ असेल तर अनेकांचं तेवढ्यावर भागतं. पोटदुखीवर मात्र तिचा फारसा उपयोग होत नाही. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) दुखणं आणि बद्धकोष्ठ दोन्ही असेल, तर लिन्झेसचा खर्च समजण्यासारखा आहे. चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांत ल्युबिप्रोस्टोनचं जेनेरिक २०२१ पासून आहे, त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा.

लागू पडेल का, याचा हिशेबही पैशांइतकाच महत्त्वाचा. आयबीएसच्या दोन मोठ्या चाचण्यांत ठरवलेल्या निकषाइतका आराम सुमारे ३४ टक्के रुग्णांना पडला. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण एका चाचणीत २१ तर दुसरीत १४ टक्के होतं. जुलाब हा मुख्य त्रास, तोही बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो. म्हणून पहिल्याच वेळी नव्वद दिवसांची ऑर्डर देऊ नका, स्वस्त पडली तरी. डॉक्टरांकडे नमुन्याची बाटली आहे का विचारा, नाहीतर तीस दिवसांचीच घ्या. मानवलं की मग नव्वद.

७२, १४५ आणि २९० मायक्रोग्रॅम या तिन्ही कॅप्सूलांची छापील किंमत सारखीच असते. २९०चा डोस हवा असताना चिठ्ठीवर १४५च्या दोन लिहिल्या असतील तर खर्च दुप्पट. चिठ्ठी बदलून घ्या.

कॅप्सूल सकाळी रिकाम्या पोटी, खाण्याच्या निदान अर्धा तास आधी घ्यायची. तिला दमट हवा सोसत नाही. वारांचे खण असलेल्या डबीत काढून ठेवू नका, मूळ बाटलीतच ठेवा आणि आतली ओलावा शोषणारी पुडी फेकू नका. दोन वर्षांखालच्या बाळाच्या हाती कॅप्सूल लागता कामा नये. जीवघेणा जलक्षय होऊ शकतो. शौचातून रक्त, अकारण वजन घटणं किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेलं बद्धकोष्ठ असेल तर औषधाच्या भावाची चौकशी बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्या.

भारतातून सहा महिन्यांसाठी येणाऱ्या पालकांनी व्हिजिटर इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नये. जुनं दुखणं त्यात सहसा धरलं जात नाही. तिकडे चालू असलेलं औषध तीन महिन्यांपुरतं, चिठ्ठीसह मूळ पाकिटात आणावं. पुढचं इथल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

जेनेरिकची वाट पाहणाऱ्यांना अजून थांबावं लागेल. पेटंटच्या खटल्यांत झालेल्या तडजोडींनुसार पहिलं जेनेरिक २०२९ मध्ये अपेक्षित आहे. पुढच्या रांगेत मुंबईची सन फार्मा आणि हैदराबादची ऑरोबिंदो याही आहेत.