करप्याला न जुमानणारं भात कसं तयार होतं?



वीर परिसरातल्या गटांच्या बैठकांत सध्या एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. "दुकानदार म्हणतो हे बियाणं रोगाला बळी पडत नाही, हे खरं असतं का?" आणि त्याला जोडून, "म्हणजे ते बीटी कापसासारखं का?" प्रश्न नुसत्या माहितीचा नाही, पैशाचा आहे. बियाण्याला आणि औषधाला आपण गटातून अंतर्गत कर्ज घेतो. भात पळींज निघालं तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून या वेळी हाच धडा घेऊया.

आधी बीटीचं बाजूला करू. बीटी कापूस आपल्या देशात २००२ साली आला तो बोंडअळीसाठी. अळी म्हणजे कीड, रोग नव्हे. रोग होतो बुरशीने, जिवाणूने नाहीतर विषाणूने. उत्तरेत पंजाब-हरियाणाकडे अमेरिकन कापसाची पानं मुरडणारा विषाणू आहे, तो पांढऱ्या माशीतून पसरतो. बीटीचा त्यावर काही उपयोग नाही. गंमत म्हणजे आपला जुना देशी कापूस त्या विषाणूला दाद देत नाही. पण देशी कापसाच्या पेशीत २६ गुणसूत्रं आणि अमेरिकन कापसाच्या ५२, त्यामुळे दोघांचा संकर सहजासहजी जुळत नाही. कापूस आपल्या खाचरात होत नाही, आपण भातावर येऊ.

भातावर 'करपा' म्हणून आपण जे सगळं एकत्र करतो, ते दोन वेगळे रोग आहेत. पहिला बुरशीचा करपा. पानावर डोळ्याच्या आकाराचे ठिपके, दोन्ही टोकं निमुळती, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी. ढगाळ हवा, रिपरिप पाऊस, रात्री गारवा आणि युरिया जास्त झाला की हा वाढतो. लोंबीच्या मानेवर आला तर मान काळी पडते आणि लोंबी पोचट राहते. दुसरा कडा करपा. तो जिवाणूचा. पान शेंड्याकडून आणि कडेने पिवळं, मग पांढरट होत खाली येतं. वादळवाऱ्याने पानं घासून फाटली, खाचरातून पुराचं पाणी फिरलं, की तो पसरतो. सावित्रीच्या काठच्या बायकांना हे वेगळं सांगायला नको.

ओळखायची एक सोपी रीत आहे. रोगट पान ताजं कापा आणि कापलेला भाग काचेच्या ग्लासातल्या स्वच्छ पाण्यात धरा. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखी धार पाण्यात उतरताना दिसली, तर तो कडा करपा. हे का महत्त्वाचं? बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही. एका ताईंनी गेल्या खरिपात कर्ज काढून दोनदा फवारणी केली, ती सगळी कडा करप्यावर. पैसे गेले ते गेलेच. कडा करपा दिसला की युरिया थांबवायचा, जमेल तर खाचरातलं पाणी काढायचं, आणि रोगट खाचराचं पाणी दुसऱ्याच्या खाचरात सोडायचं नाही. खरा इलाज मात्र लावणीच्या आधीचाच, म्हणजे वाण.

असं वाण तयार कसं करतात? भाताच्या फुलात नर आणि मादी एकाच ठिकाणी असतात, म्हणून भात आपलं आपणच फळतं. दोन वाणांचं लग्न लावायचं तर आधी एका वाणाचं फूल उमलण्यापूर्वी त्याच्या तुसाचं टोक कात्रीने उडवतात, आतले सहाच्या सहा पुंकेसर चिमट्याने काढतात आणि लोंबीला कागदी पिशवी घालतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झटकतात. एवढ्या खटाटोपातून हाती मूठभर दाणे येतात. ते पेरले की पहिली पिढी एकसारखी दिसते, पण दुसऱ्या पिढीत एका आईची पोरं दिसावीत तशी प्रत्येक रोप वेगळं. मग निवड सुरू होते. बुरशीच्या करप्यासाठी या रोपांच्या अवतीभवती मुद्दाम रोगाला हमखास बळी पडणारं वाण लावतात, वर युरियाही जास्त देतात. कडा करप्यासाठी जिवाणूच्या पाण्यात बुडवलेल्या कात्रीने पानांचे शेंडे कापतात. म्हणजे आपण शेतात जे जे टाळायला सांगतो, ते सगळं तिथे जाणूनबुजून करतात! त्यातून जी तगतात तीच पुढे. वाण शेतकऱ्याच्या हाती यायला अशी आठ-दहा वर्षं सहज जातात. आपल्या जिल्ह्यात भाताचं हे काम कर्जतच्या संशोधन केंद्रात चालतं. ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे, आपण लावतो ती 'कर्जत' नावाची वाणं तिथलीच.

कडा करप्याचं एक उदाहरण सांगते. सांबा मसुरी हा बारीक, खायला छान तांदूळ, पण कडा करप्यापुढे हात टेकणारा. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि तिथल्याच पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राने मिळून त्यात प्रतिकाराचे तीन जनुक आणले. सुधारित सांबा मसुरी २००८ साली आली. तीन जनुकांतला एक मुळात आफ्रिकेतल्या माली देशातल्या रानभाताचा. रानभाताचे अवगुणही असतात, दाणा पिकताच गळतो. म्हणून नुसता एक संकर करून भागत नाही, येणारी रोपं पुन्हा पुन्हा चांगल्या वाणाशीच जुळवायची. तांब्यातलं गूळपाणी अर्धं ओतून तेवढंच साधं पाणी घाला, असं पाच वेळा करा, गूळ बत्तिसावा हिस्सा उरतो. तसंच हे. फक्त हवा तो जनुक मधेच हरवला नाही ना, हे दर पिढीत रोपाच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासून बघतात. हे बीटीसारखं नाही, भाताचा भाताशीच संकर आहे.

तीन जनुक कशाला? दाराला एकच कुलूप असेल तर चोराला एकच किल्ली पुरते. रोगाचे जंतूही बदलत राहतात. एकाच गुणावर उभं राहिलेलं वाण काही वर्षांत पडू शकतं. बीटी कापसावरही २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने हेच करून दाखवलं. म्हणून 'कधीच रोग येणार नाही' असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. विचारा, कुठल्या रोगाला? प्रतिकारक की नुसतं सहनशील? सहनशील म्हणजे रोग येतो, पण नुकसान कमी होतं. पिशवीला प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग आहे का बघा, पावती आणि टॅग हंगाम संपेपर्यंत गटाच्या फाईलला लावून ठेवा. संकरित असेल तर त्याचं घरचं बी पुढच्या वर्षी धरू नका, पीक सरभेसळ येतं.

घरचं बी धरत असाल तर रोगट खाचरातलं अजिबात नको. पेरणीआधी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून बी त्यात ओता, तरंगेल ते काढून टाका, तळाचं दोन-तीनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. सुपात पाखडण्याच्या पुढची ही पायरी आहे, खर्च मिठाचा.

आणि एक. फिलिपिन्सच्या भात संशोधन संस्थेत एका विषाणू रोगासाठी सहा हजारांहून जास्त नमुने तपासले, तेव्हा प्रतिकार सापडला तो आपल्या उत्तर प्रदेशातल्या एका रानभातात. त्यावरून १९७६ साली आलेलं आयआर-३६ वाण पुढे आशियाभर लाखो हेक्टरवर गेलं. आपल्याकडे ऋषिपंचमीला काही घरांत देवभात शिजतं, ते याच रानभाताच्या कुळातलं. त्यात काय दडलंय ते तपासल्याशिवाय कळणार नाही, आणि तपासायला ते उरलं पाहिजे. खाचरात ते तण आहे, तिथे काढाच. तळ्याच्या, पाणथळीच्या काठचं मात्र राहू द्या.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने आपल्या वाडीत अजून कोणाकडे जुनं भात आहे याची यादी आणावी. वाणाचं नाव, किती वर्षं लावतात आणि करपा येतो की नाही, एवढंच लिहा. ज्यांच्या कणगीत असं बी असेल त्यांनी ओंजळभर कागदी पाकिटात घालून आणा, प्लास्टिकच्या पिशवीत नको.