गुडघ्यात काय झालंय, असं तुम्हाला वाटतं?

गुडघेदुखीचे बहुतेक पेशंट आल्याआल्या एक्स-रे पुढे करतात. एक्स-रे मी बघतोच, पण आधी विचारतो, ‘‘गुडघ्यात काय झालंय असं तुम्हाला वाटतं?’’ गादी संपली, वंगण आटलं, हाडाला हाड घासतंय, आता चाललं की आणखी झिजणार... उत्तरं साधारण अशीच येतात. ती मी केसपेपरवर लिहून घेतो, कारण पुढची सगळी वाटचाल त्यांवरच ठरते.

चालल्यानं गुडघा झिजतो असं मनात पक्कं बसलं की माणूस जिना टाळतो, मंडईत जायचं सोडतो. महिन्या-दोन महिन्यांत मांडीचे स्नायू ढिले पडतात, वजन वाढतं, गुडघ्यावरचा भार वाढतो आणि दुखणंही वाढतं. मग वाटतं, ‘बघा, झिजतोच आहे.’

ही समजूत मोजताही येते. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठाच्या एलिझाबेथ ब्रॉडबेंट आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. ती कुठल्याही आजाराला लावता येते. आजाराचा रोजच्या जगण्यावर किती परिणाम होतो, तो किती काळ राहील, त्याची काळजी किती वाटते, अशा आठ प्रश्नांना 0 ते 10 गुण द्यायचे. नवव्यात आजाराची तीन मुख्य कारणं स्वतःच्या शब्दांत लिहायची.

मला त्यातले दोन प्रश्न सर्वांत मोलाचे वाटतात. ‘या आजारावर तुमचा स्वतःचा ताबा किती?’ आणि ‘हा आजार तुम्हाला कितपत समजला आहे?’ पहिल्याला शून्य देणाऱ्याच्या हाती नुसता व्यायामाचा कागद दिला, तर तो कागद ड्रॉवरमध्येच राहणार. त्याच्याशी आधी बोलायला हवं. कारणांच्या जागी फक्त ‘वय’ लिहिलेलं असेल, तर वजन आणि जुनी दुखापत यांचा विषय मलाच काढावा लागतो.

बोलताना मी काय सांगतो? कूर्चेला, म्हणजे तुम्ही ज्याला गादी म्हणता तिला, मज्जातंतू नसतात. वेदना येते ती हाड, सांध्याचं अस्तर आणि आजूबाजूच्या ऊतींमधून. म्हणून एक्स-रे खूप खराब असूनही आरामात चालणारे लोक असतात, आणि एक्स-रे बरा असूनही कळवळणारे असतात. बेतानं, हळूहळू वाढवत केलेल्या व्यायामानं गुडघा बिघडत नाही. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्ववत झालं, तर घाबरू नका. वजन जास्त असलेल्यांवर अमेरिकेत 2005 मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं, की एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. ऑपरेशन काहींना लागतंच, आणि योग्य वेळी केलं तर त्याचा मोठा फायदा होतो. पण ती पहिली पायरी नाही.

गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला, सोबत ताप आला, किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

एरवी पुढच्या भेटीला जाण्याआधी त्या दोन प्रश्नांना स्वतःच गुण द्या, तीन कारणं लिहा आणि तो कागद एक्स-रेसोबत डॉक्टरांना दाखवा. त्यांनी विचारलं नाही, तरी दाखवा.