दिवे घाटाच्या पुढचा फोटो

बारावीचा निकाल लागला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच: "सर, मुलाला ट्रॅव्हल फोटोग्राफर व्हायचंय, कोणता कॅमेरा घेऊ?" यंदाही आला. माझं उत्तर तेच आहे. कॅमेरा घेऊ नका.

गेल्या वर्षी एक वडील मुलाला आणि हप्त्यांवर घेतलेला दीड लाखाचा कॅमेरा घेऊन आले होते. लडाख, स्पिती, हंपी. फोटो देखणे होते, पण शेकडो फोटोंत माणूस नव्हता. हंपीत राहणारे लोक पोटासाठी काय करतात, असं मी विचारलं. मुलाला सांगता आलं नाही. पँगाँगचा सूर्योदय आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये फुकट आहे, त्याचे पैसे कोण देणार? माणूस आणि त्याची जागा यांचं नातं दाखवणाऱ्याला मात्र सामाजिक संस्था, नियतकालिकं, संशोधन प्रकल्प यांच्याकडे काम असतं. सुरुवातीला पैसा कमीच. अनेक जण लग्नाच्या ऑर्डरी घेऊन घर चालवतात, त्यात कमीपणा काहीच नाही.

सराव घराजवळ होतो. वारीचंच घ्या. दिवे घाट चढणारी वारकऱ्यांची रांग सगळेच टिपतात. पण माउलींची पालखी घाट चढून सासवडला मुक्कामी थांबते. तिथे राहा. पंपाच्या धारेखालच्या आंघोळी, कुंपणावर वाळणारी लुगडी, ओसरीसमोर पेटलेल्या चुली, दुकानाच्या फळीवर पाय चोळत बसलेली आजी, टँकरपुढची गर्दी. एवढ्या माणसांना गाव कसं सामावून घेतं आणि पालखी हलल्यावर मागे काय उरतं, हे ज्याने टिपलं त्याच्याकडे दाखवण्यासारखं काम आहे. संदेश भंडारे यांचं 'वारी: एक आनंदयात्रा' हे छायाचित्रांचं पुस्तक मुलाच्या हाती द्या. एकाच जागेकडे पुन्हा जाणंही शिकावं लागतं: छायाचित्रकार रघुबीर सिंह यांचं गंगेवरचं पुस्तक १९७४ मध्ये आलं आणि १९९२ मध्ये दुसरं. नदी तीच होती.

शिक्षणाचे रस्ते ठाऊक आहेत: जे. जे.ची उपयोजित कला, किंवा पदवीनंतर एनआयडीच्या गांधीनगर केंद्रात फोटोग्राफी डिझाइन. मी आधी भूगोलाची किंवा समाजशास्त्राची पदवी सुचवतो आणि पालकांचे चेहरे उतरतात. पण गाळपेर, म्हणजे पाणी ओसरलेल्या गाळावरची शेती, काय असते हे ज्याला कळतं, त्यालाच उजनी धरणाचं पाणी ओसरल्यावर काठावर काय चाललंय ते दिसतं. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या संकेतस्थळावर असं काम मराठीतही वाचायला मिळतं, विद्यार्थ्यांचंसुद्धा.

पालकांनो, मुलाला वर्षभर एकाच एसटी स्टँडवर रोज तासभर जाऊ द्या, हातातल्या मोबाइलसह. त्याने आधी बोलावं, विचारावं, मग फोटो काढावा. नाव, गाव, कुठून कुठे निघाले ते वहीत लिहावं. महिन्याभरात कंटाळला तर दीड लाख वाचले. टिकला, तर "आधी इंजिनिअरिंग कर, हे छंद म्हणून ठेव" हे वाक्य त्याच्यासमोर पुन्हा उच्चारू नका. या एका वाक्याने मोडलेली मुलं मी तिशीत माझ्यासमोर बसलेली पाहिली आहेत.

वही भरली की त्याला घेऊन या. कॅमेऱ्याचं तेव्हा बोलू.