हिकमत : सामर्थ्याला घातलेला लगाम

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला एक आगळी रेल्वेगाडी आली. तिच्यात प्रवासी नव्हते, पाणी होते. मिरजेहून ३०० किलोमीटरहून अधिक अंतर कापून आलेल्या त्या पहिल्या गाडीच्या १० टाक्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. धनेगावचे मांजरा धरण आटले होते आणि सारे शहर त्या गाडीकडे डोळे लावून बसले होते.

हे तेच लातूर, ज्याने परीक्षेतील यशाचा ‘लातूर पॅटर्न’ महाराष्ट्राला दिला. येथे अभियंते होते, पंप होते, शेकडो फूट खोल कूपनलिका होत्या. विद्या होती, साधने होती. मग उणीव कशाची होती?

या प्रश्नाचे उत्तर ‘हिकमत’ या शब्दात दडले आहे. दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकराच्या २६९ व्या आयतीत हिकमतीला विपुल भलाईचे देणे म्हटले आहे. मराठीत आपण या शब्दाचा अर्थ ‘युक्ती’ इतकाच घेतो. अरबीत मात्र ज्या धातूपासून हा शब्द बनला, त्याच धातूपासून ‘हकमा’ हा शब्दही बनला आहे. घोड्याच्या लगामाचा जबड्याभोवतीचा भाग म्हणजे हकमा. विद्या हे घोड्याचे बळ आहे. त्या बळाला योग्य दिशा आणि आवर घालते ती हिकमत. निसर्ग, शोध आणि कला या तिन्हींतून समाजाला तिचे धडे मिळत असतात.

निसर्ग : मापाची शिकवण

सूरह अल-मुअमिनूनच्या १८ व्या आयतीचा आशय असा, की अल्लाह आकाशातून ठरावीक मापाने पाणी उतरवितो, ते भूमीत साठवितो आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. मराठवाड्याची भूमी या आयतीचे जणू स्पष्टीकरणच आहे. आपल्या पायांखाली लाव्हारसाचे थरांवर थर साचून बनलेला काळा पाषाण आहे. त्याच्या भेगांत आणि झिजलेल्या थरांतच काय ते पाणी मुरते आणि पावसाने ते पुन्हा भरते. म्हणून येथील भूगर्भ हा अथांग सागर नव्हे. ती मोजून भरलेली घागर आहे.

शोध : मर्यादेचे भान

अकराव्या शतकाच्या आरंभी गणितज्ञ अल-करजी यांनी भूमिगत पाणी वर आणण्याच्या विद्येवर ग्रंथ लिहिला. ही विद्या इराणकडून दख्खनमध्ये आली. आपल्या उदगीरच्या शेजारी, बिदरजवळ नौबाद येथे बहमनी काळातील ‘करेझ’ आजही पाहता येते. जमिनीखाली मंद उताराचा बोगदा, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या विहिरी आणि उताराच्या बळावर आपोआप वाहणारे पाणी, अशी तिची रचना आहे.

करेझचा विशेष असा, की भूमी जितके देईल तितकेच ती घेते. पाण्याची पातळी खाली गेली, की प्रवाह आपोआप मंदावतो. लगाम त्या रचनेतच आहे. कूपनलिकेला असा लगाम नाही. पाणी खाली गेले, की ती आणखी खोल जाते आणि शेजाऱ्याच्या विहिरीचाही ओलावा ओढून घेते. कूपनलिका हा वाईट शोध नव्हे. तिने कित्येक घरांची तहान भागविली आहे. परंतु जो लगाम यंत्रात नाही, तो यंत्र चालविणाऱ्याच्या मनात असावा लागतो.

कला : डोळ्यांसमोरचे माप

मराठवाड्यातील जुन्या बारवा आपण पाहिल्या असतील. घडीव दगडांच्या पायऱ्या, कोनाडे, कमानी. एखादा म्हणेल, पाण्यासाठी इतक्या कलाकुसरीची गरज काय? परंतु बारवेची प्रत्येक पायरी हे एक माप होते. घागर घेऊन उतरणाऱ्या स्त्रीला आज एक पायरी अधिक उघडी पडल्याचे दिसे आणि पाणी जपून वापरण्याची सूचना साऱ्या गावाला मिळे. आपल्या घरातील नळ ही सूचना देत नाही. शिवाय जे सुंदर असते, ते जपावेसे वाटते. नांदेड जिल्ह्यातील कंधारचा राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागर आजही आपल्यासमोर आहे. तो कोणी बांधला यापेक्षा त्याच्या पाण्यावर किती पिढ्या जगल्या, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

घरापासून प्रारंभ

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) एक मुद्द पाण्यात वुजू करीत, अशी नोंद बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीस संग्रहांत आहे. मुद्द म्हणजे सुमारे एक लिटर किंवा त्याहूनही कमी. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाण्याचा अपव्यय करू नये, ही शिकवण इब्ने माजा यांच्या संग्रहात आली आहे. गोदावरीकाठच्या नांदेडकरांनी ती विशेष लक्षात ठेवावी. कारण तिचा हेतू केवळ पाणी वाचविणे नव्हे, तर विपुलतेतही हात आखडता घेण्याची सवय लावणे हा आहे.

म्हणून आपल्या घरी एक प्रयोग करावा. नळ बंद ठेवून एक लिटरच्या भांड्यातून सर्वांनी वुजू करून पाहावे. मुलांना जवळची एखादी बारव दाखवावी आणि तिच्या उघड्या पायऱ्या मोजायला सांगाव्यात. मस्जिदीच्या व्यवस्थापनाने वुजूचे पाणी गटारात न सोडता झाडांकडे किंवा शोषखड्ड्याकडे वळवावे. नवी कूपनलिका घेणाऱ्याने छतावरील पावसाचे पाणी भूमीत मुरविण्याची सोय प्रथम करावी.

सूरह अल-मुल्कची अखेरची आयत माणसाला विचारते, की तुमचे पाणी जमिनीत खोल गेले तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देईल? २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणून दिले. परंतु तो त्या वेळेपुरता दिलासा होता. या प्रश्नाचे उत्तर नव्हे. उत्तर आपल्या आचरणातून द्यायचे आहे.

अल्लाह आपणा सर्वांना विद्येसोबत हिकमतही प्रदान करो. आमीन.