मोकळं होणं आणि बरं होणं

रेकी, प्राणिक हीलिंग किंवा टॅपिंगच्या शिबिरातून बाहेर पडणारी बरीच माणसं एकच गोष्ट सांगतात: खूप रडू आलं, आत साठलेलं सगळं निघून गेलं. यातला पहिला भाग खरा असतो. दुसऱ्या भागाबद्दल मला सावध करायचं आहे. या उपचारांमागची समजूत अशी, की न बोललेला राग, न रडलेलं दुःख शरीरात कुठेतरी साठून राहतं. छातीत, पोटात, खांद्यात किंवा एखाद्या चक्रात त्याचा ‘ब्लॉकेज’ होतो. हीलरने तो मोकळा केला की भावना रडण्यातून, थरथरण्यातून, किंचाळण्यातून बाहेर पडते आणि माणूस हलका होतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की सत्रात भावनेचं वादळ किती मोठं उठलं यावरून माणूस बरा होतोय की नाही हे कळत नाही. ते माप धरायचंच नाही, कारण त्या मापाने सगळ्यात जास्त इजा होते ती सगळ्यात जास्त दुखावलेल्या माणसांना.

ही समजूत आपल्याकडे प्राचीन ज्ञान म्हणून सांगितली जाते. पण तिचा माग काढला तर आपण व्हिएन्नात पोचतो. योसेफ ब्रॉयर आणि सिग्मंड फ्रॉइड यांनी १८९५ साली हिस्टेरियावर पुस्तक लिहिलं. त्यात ‘अ‍ॅना ओ.’ या रुग्णेची कहाणी आहे: दडपलेली आठवण भावनेसकट बोलून दाखवली की तिचा निचरा होतो आणि लक्षण नाहीसं होतं. प्रत्यक्षात ब्रॉयरचा उपचार संपल्यावर थोड्याच दिवसांत, १८८२ साली, तिला स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइट्सलिंगेनच्या सॅनेटोरियममध्ये दाखल करावं लागलं होतं. पुढे ती बरी झाली आणि बेर्था पापेनहाइम या खऱ्या नावाने स्त्रियांसाठी मोठं सामाजिक काम करून गेली, पण ते यश त्या ‘निचऱ्या’चं म्हणता येत नाही. खुद्द फ्रॉइडने ती पद्धत लवकरच मागे टाकली. तिला ऊर्जेची जोड दिली फ्रॉइडच्या शिष्यांपैकी विल्हेल्म राइखने. भावना स्नायूंत कवचासारखी घट्ट होते आणि ‘ऑर्गोन’ नावाची ऊर्जा अडवते, असं तो सांगू लागला. १९७० साली आर्थर जॅनोव्हचं आदिम किंकाळीच्या उपचारावरचं पुस्तक अमेरिकेत गाजलं, आणि त्याच वर्षी रजनीशांनी मुंबईत डायनॅमिक मेडिटेशन सुरू केलं, ज्याच्या दुसऱ्या टप्प्यात दहा मिनिटं ओरडायचं, रडायचं, वेड्यासारखं वागायचं असतं. १९७४ नंतर पुण्यात कोरेगाव पार्कला त्यांच्या आश्रमात पाश्चात्त्य थेरपिस्टांची रीघ लागली, तेव्हा युरोप-अमेरिकेतली ही विचारधारा भारतीय वेशात आपल्या दारात उभी राहिली. रेकी तर जपानची. मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास ती शिकवायला सुरुवात केली आणि हवाईतल्या हावायो ताकाता यांच्यामार्फत ती जगभर गेली. राहिली चक्रं. पूर्णानंदांच्या षट्चक्रनिरूपण या संस्कृत ग्रंथात चक्रांच्या पाकळ्या, बीजाक्षरं, देवता यांचं ध्यानासाठी केलेलं वर्णन आहे. त्या साधनेचं ध्येय मोक्ष आहे. घटस्फोटाचं दुःख हृदयाजवळच्या अनाहत चक्रातून उपसून काढणं हे तिचं काम नव्हे. परंपरेचा मान राखायचा तर निदान तिच्या नावावर दुसऱ्याचं बोलणं खपवू नये.

कुठून आली यावरून एखादी कल्पना खोटी ठरत नाही, हे मान्य. म्हणून पुरावा पाहू. कुकरची शिट्टी झाली की वाफ कमी होते, तसा राग बाहेर काढला की कमी होतो, ही कल्पना मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तपासली गेली. सुमारे सहाशे विद्यार्थ्यांना आधी चिडवण्यात आलं. काहींना ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला सांगितलं, काहींना व्यायामाचा विचार करत मारायला सांगितलं, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. ज्यांनी मनातल्या माणसाला ठोसे मारले, ते शेवटी सगळ्यात जास्त चिडलेले होते. सगळ्यात कमी आक्रमक निघाले ते नुसते बसलेले. वाफ बाहेर पडल्यावर भांड्यात तेवढी वाफ उरत नाही, पण भावना पुन्हा पुन्हा पेटवली की मेंदू ती पेटवायलाच शिकतो. उशीवर बुक्के मारायला लावणाऱ्या, सासरच्या एकेका माणसाचं नाव घेऊन किंचाळायला लावणाऱ्या शिबिरांना हा पुरावा सरळ लागू होतो.

ऊर्जेच्या दाव्याची गोष्ट आणखी सोपी आहे. १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एमिली रोझा या शाळकरी मुलीने केलेला प्रयोग छापून आला. रुग्णाच्या शरीराभोवतीची ऊर्जा हाताला जाणवते असं म्हणणारे २१ उपचारक पडद्यातून हात पुढे करून बसले. आपल्या कोणत्या हाताजवळ मुलीचा हात आहे एवढंच त्यांनी ओळखायचं होतं. २८० प्रयत्नांत ते ४४ टक्के वेळा बरोबर आले. नाणं उडवलं असतं तरी निम्मी उत्तरं बरोबर आली असती. टॅपिंगबद्दल २००३ साली वेट आणि होल्डर या कॅनडातल्या संशोधकांनी वेगळी युक्ती केली. भीती वाटणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींनी सांगितलेल्या बिंदूंवर टकटक केली, काहींनी भलत्याच जागी, आणि काहींनी स्वतःवर न करता बाहुलीवर. तिन्ही गटांची भीती कमी झाली आणि तिघांत फरक दिसला नाही. हा निष्कर्ष मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो दोन्ही बाजूंना काहीतरी सांगतो. आराम खोटा नव्हता. पण तो मेरिडियनमधून, म्हणजे टॅपिंगवाले सांगतात त्या ऊर्जेच्या वाहिन्यांमधून, आला नव्हता. भीतीकडे लक्ष देऊन, ती मोजून, सुरक्षित जागी हळूहळू तिच्या जवळ जाण्यातून तो आला असणार, असंच म्हणावं लागतं.

त्यामुळे ‘पण मला बरं वाटलं ना’ या आक्षेपाला माझं उत्तर नकाराचं नाही. मंद उजेडाची खोली, तासभर कुणीतरी आपल्यासाठी राखून ठेवलेला वेळ, डोक्यावर ठेवलेला ऊबदार हात, आणि रडलं तरी कुणी ‘पुरे आता’ म्हणणार नाही याची खात्री. आपल्याकडे किती बायकांना, आणि पुरुषांनाही, हे घरात मिळतं? देवळात अंगात येणाऱ्या बाईचं वादळ लोक हात जोडून ऐकून घेतात, तिचं रोजचं बोलणं मात्र कुणी ऐकत नाही. त्या हाताची, त्या तासाची किंमत मी कमी लेखत नाही. प्रश्न त्या आरामाला दिलेल्या स्पष्टीकरणाचा आहे. ‘तुमचा ब्लॉकेज निघाला’ असं सांगितलं, की माणूस घरी जाऊन काही बदलण्याऐवजी पुढच्या ब्लॉकेजसाठी पुढच्या सत्राची तारीख घेतो. नवऱ्याचं दारू पिणं, ऑफिसातला छळ, कर्ज, म्हाताऱ्या आईची एकटीने करावी लागणारी शुश्रूषा हे सगळं तिथेच असतं. दुःखाचं कारण जिवंत असताना दुःख उपसत राहणं कधी संपणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: भावना दाबून ठेवणं वाईट असतं, हे तर विज्ञानच सांगतं. हो, सांगतं. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हेन्सन यांनी १९९०च्या दशकात दाखवलं, की चेहऱ्यावर भावना न दाखवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या शरीरावरचा ताण वाढतो. पण दाबण्याच्या उलट फोडणं नसतं. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या दुखऱ्या प्रसंगाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. लिहून उठल्यावर लगेच मात्र त्यांना जास्त उदास वाटत होतं. म्हणजे तात्काळ हलकं वाटणं आणि पुढे बरं होणं हे एकत्र चाललेच नाहीत. नंतरच्या अभ्यासांत लिखाणातले शब्द तपासले, तेव्हा ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘आता कळलं’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. परिणाम फार मोठा नसतो, पण त्याची दिशा बोलकी आहे: भावनेला अर्थाची चौकट मिळाली की ती सोसवते. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचा विचार मी याच बाजूने करते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत सासुरवास आहे, मेलेलं मूल आहे, माहेराची ओढ आहे. पण ते दुःख लयीत बसवलेलं आहे, सोबतीणीच्या कानावर पडणारं आहे, रोज थोडं थोडं सांगितलेलं आहे. त्या बायकांनी काही दाबलं नाही आणि एका बैठकीत सगळं उपसलंही नाही.

कुणी म्हणेल, मानसोपचारतज्ज्ञांकडेही लोक रडतातच की. रडतात. आघातानंतरच्या उपचारांत जुनी आठवण मुद्दाम पुन्हा समोर आणली जाते. पण ती बेताबेताने, रुग्णाच्या संमतीने, थांबवायची मुभा ठेवून, आणि ही आठवण आता आपल्याला मारू शकत नाही हे शिकण्यासाठी. हा बेत सुटला की काय होतं तेही माहीत आहे. अपघातानंतर लगेच एकाच बैठकीत माणसाला सगळं बोलायला लावण्याची पद्धत एके काळी जगभर चालत होती. १९९७ साली वेल्समध्ये भाजलेल्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, अशी बैठक झालेल्यांपैकी २६ टक्क्यांना वर्षभरानंतर आघाताचा आजार होता. बैठक न झालेल्यांत हे प्रमाण ९ टक्के होतं. हे करणारे प्रशिक्षित होते आणि त्यांचा हेतू चांगला होता. दोन दिवसांच्या शिबिरात ‘मास्टर’ झालेल्या व्यक्तीच्या हाती हेच काम देताना हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती या पद्धतींच्या तर्काची, कारण त्यात चूक सापडायची सोयच नाही. रडू आलं तर ऊर्जा मोकळी झाली. नाही आलं तर ब्लॉकेज खोल आहे. सत्रानंतर चार रात्री झोप उडाली, छातीत धडधड होऊ लागली, तर तो ‘हीलिंग क्रायसिस’, म्हणजे उपचार लागू पडल्याची खूण. जिथे बिघाड हाच गुण ठरतो, तिथे थांब म्हणणारं कुणी उरत नाही. त्यातच ‘तुमच्या लहानपणी काहीतरी घडलंय, शरीराला आठवतंय’ असं सुचवलं जातं. एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९५च्या प्रयोगात, लहानपणी मॉलमध्ये हरवल्याची कधीच न घडलेली गोष्ट २४ पैकी सुमारे चौथाई लोकांना अंशतः किंवा पूर्ण ‘आठवली’. खरे अत्याचार होतात, आणि ते सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवलाच पाहिजे. म्हणूनच नसलेल्या आठवणी रुजवणं हा त्यांच्यावरही अन्याय आहे. आणि ‘लक्षणं वाढली म्हणजे ते निघतंय’ या विश्वासाचं टोक कुठे जातं, हे २००० साली अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये दिसलं. ‘पुनर्जन्मा’च्या (रीबर्थिंगच्या) सत्रात चादरीत गुंडाळून दाबून धरलेली दहा वर्षांची मुलगी श्वास घेता येत नाही म्हणून विनवत राहिली, आणि गुदमरून गेली. तिची विनवणी उपचाराला होणारा विरोध मानली गेली होती. एवढं टोक विरळा असतं. रोजच्या पातळीवरची क्रूरता वेगळी आहे: गाठ झालेल्या बाईला ‘तुम्ही राग गिळलात म्हणून ही झाली’ असं सांगणं. आजाराच्या वर अपराधाचं ओझं, आणि कधीकधी बायोप्सीला उशीर.

तरीही ज्यांना जायचंच आहे, त्यांना मी अडवणार नाही. पण जाण्यापूर्वी स्वतःशी काही गोष्टी पक्क्या कराव्यात. चालू असलेलं औषध, मग ते नैराश्याचं असो, फिट्सचं असो की थायरॉइडचं, कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायचं नाही. जीव द्यावासा वाटतोय, आवाज ऐकू येतायत, किंवा मोठा आघात अगदी ताजा आहे, अशा वेळी शिबिराला जायचंच नाही. फिट्स, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर जोरजोरात श्वास घ्यायचे प्रकार टाळायचे. हीलरला आधीच विचारावं: मला मध्येच थांबावंसं वाटलं तर? मला त्रास झाला तर रात्री कुणाला फोन करू? किती सत्रांनंतर आपण म्हणू की हे लागू पडत नाही? या शेवटच्या प्रश्नाला आकडा न देणाऱ्यापासून दूर राहावं. सत्रात ‘आठवलेल्या’ गोष्टीच्या जोरावर लगेच नातं तोडू नये, तक्रार किंवा आरोप करू नये. आधी प्रशिक्षित माणसाशी बोलावं. आणि गुण मोजायचा तो सतरंजीवर किती रडलो यावर नाही. दोन-तीन आठवड्यांत झोप कशी आहे, जेवण कसं आहे, कामात मन लागतं का, मुलांवर ओरडणं कमी झालं का, जे बोलायचं टाळत होतो ते त्या माणसाशी बोलता आलं का, हे कागदावर लिहून ठेवावं, आणि जमल्यास घरातल्या एखाद्यालाही स्वतंत्रपणे लिहायला सांगावं.

घरच्यांनीही शिबिराहून आलेल्या माणसाची थट्टा करू नये. तो काहीतरी शोधत गेला होता, आणि काय शोधत होता हे विचारायची ती वेळ असते. उत्तर ऐकून आपल्याला पेलवणार नाही असं वाटलं, तर सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. त्यापुढे मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठताना त्यांची नोंदणी विचारायला संकोचू नये: डॉक्टर वैद्यकीय परिषदेकडे नोंदलेले असतात, सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे पाहता येते. पहिल्या भेटीत फारसं रडू आलं नाही, नुसतीच माहिती विचारली गेली, तरी दुसऱ्या भेटीला जावं.