कंपवात, विद्युत-उद्दीपन आणि रुग्णाची मनःस्थिती

कंपवाताचे पहिले सुसूत्र वर्णन लंडनमधील वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये केले. या रोगात रुग्णाची बुद्धी व संवेदना अबाधित राहतात, असे त्यांचे मत होते. पुढील संशोधनाने ते अपुरे ठरविले. मध्यमेंदूतील डोपामिन निर्माण करणाऱ्या पेशी या रोगात नष्ट होत जातात. हे रसायन हालचालींप्रमाणेच प्रेरणा आणि उत्साह यांच्याशीही निगडित आहे. त्यामुळे नैराश्य, चिंता आणि उदासीनता ही केवळ आजारपणाची प्रतिक्रिया नसून बहुधा रोगाचाच भाग असतात. काही रुग्णांत तर ती कंप दिसण्यापूर्वीच सुरू होतात.

उपचाराचे स्वरूप

फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अलिम-लुई बेनाबीद यांनी १९८७ मध्ये डीप ब्रेन स्टिम्युलेशन या आधुनिक उपचारपद्धतीचा पाया घातला. मेंदूच्या खोल भागात बारीक इलेक्ट्रोड बसवून छातीच्या त्वचेखालील उपकरणातून त्यांना विद्युतस्पंदने पुरविली जातात. योग्य निवड केलेल्या रुग्णांत कंप व ताठरपणा कमी होतो आणि औषधाचा प्रभाव ओसरताच येणारे चढउतार सौम्य होतात. या चढउतारांबरोबर येणारी खिन्नता व चिंताही पुष्कळदा निवळते.

दुसरी बाजू

तथापि मनःस्थितीवरील परिणाम एकाच दिशेने होत नाही. पॅरिसमधील डॉक्टरांनी १९९९ मध्ये ६५ वर्षांच्या एका महिलेची नोंद प्रसिद्ध केली. हालचाल सुधारणाऱ्या जागेपासून सुमारे दोन मिलिमीटर खाली प्रवाह देताच तिला तीव्र नैराश्याने ग्रासले. प्रवाह थांबविल्यावर दीड मिनिटाच्या आत ती पूर्ववत झाली. याउलट काही रुग्णांत अतिउत्साह व उतावीळपणा आढळतो.

इलेक्ट्रोडची जागाही महत्त्वाची ठरते. अमेरिकेत २९९ रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सबथॅलॅमिक न्यूक्लियस व ग्लोबस पॅलिडस या दोन्ही जागी हालचालींतील सुधारणा सारखीच होती. मात्र नैराश्याची पातळी पहिल्या गटात किंचित वाढली, तर दुसऱ्या गटात काहीशी घटली. औषधांची गरज पहिल्या गटात अधिक कमी झाली. ही बचत लाभदायक असली, तरी डोपामिनवर्धक औषधे झपाट्याने कमी केल्यास उदासीनता व नैराश्य उद्भवू शकते.

५५ केंद्रांतील ५,३११ रुग्णांच्या २००८ मधील पाहणीत २४ आत्महत्या आणि ४८ प्रयत्न नोंदले गेले. प्रमाण अल्प असले तरी पहिल्या वर्षी ते अपेक्षेपेक्षा अधिक होते. शस्त्रक्रियेनंतरचे नैराश्य हा त्याच्याशी सर्वाधिक निगडित घटक होता. यावरून उद्दीपन हेच कारण ठरत नाही. मात्र नैराश्य वेळीच ओळखता येते व त्यावर उपचारही करता येतात.

खर्चाचा पूर्ण हिशेब

भारतात दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, बेंगळुरूची निमहान्स आणि तिरुवनंतपुरमची श्री चित्रा तिरुनाल संस्था येथे हा उपचार उपलब्ध आहे. त्याचा खर्च काही लाख रुपये असतो आणि त्यात उपकरणाच्या किमतीचा वाटा मोठा असतो. परंतु प्रवाहाचे व औषधांचे प्रमाण जुळविण्यास अनेक महिने लागतात. या काळात दूरच्या गावातील रुग्णाला वारंवार करावा लागणारा प्रवास, सोबतच्या नातलगाची बुडणारी मजुरी आणि मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला यांची गणना खर्चात क्वचितच होते. मग काटकसर होते ती नेमकी याच ठिकाणी.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने कंपवाताचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने विमासंरक्षण देणे बंधनकारक केले. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर सुरू आहे. या तरतुदींचा आधार घेऊन शस्त्रक्रियेपूर्वीची मानसिक तपासणी, किमान पहिल्या वर्षातील नियमित पाठपुरावा आणि कुटुंबीयांचे समुपदेशन हे सर्व उपचाराच्या खर्चातच धरले गेले पाहिजे. हाताचा कंप थांबला, पण जगण्याची उमेद मावळली, तर एवढ्या मोठ्या खर्चाचे फलित अपुरेच राहील.